सहीच्या वरचं वाचणार कोण?

मंडळी, कळंबात बोलतोय, तर आपल्याच मुलखाच्या कागदापासून सुरुवात करू. नागपूर करार, २८ सप्टेंबर १९५३. खाली यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर अशा पुढाऱ्यांच्या सह्या. वेगळ्या विदर्भाचे कार्यकर्ते २८ सप्टेंबरला याच्या प्रतींची होळी करतात. संग्राहकाला मूळ प्रत मिळाली, तर तो फ्रेम करून भिंतीवर टांगेल. जाळणाऱ्याचा राग निदान मजकुरावर असतो. टांगणाऱ्याचं मात्र मला कोडं आहे.

तो कागद खालून वर बघतो. सही खरी की सेक्रेटरीनं केलेली, शाई कुठली, भाव किती. नागपूर करारात वाचण्यासारखं सगळं सह्यांच्या वर आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. आणि गंमत बघा, सह्या झाल्या तेव्हा महाराष्ट्र राज्यच नव्हतं! विदर्भ मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबादेत. नसलेल्या राज्याच्या वतीनं पुढाऱ्यांनी एकमेकांना दिलेला तो शब्द, कायदा नव्हे. पुढं १९५५ साली फाजल अली आयोगानं वेगळ्या विदर्भाची शिफारस केली. १९५६ साली घटनेच्या ३७१(२) कलमात विकास मंडळांची तरतूद आली आणि मंडळं प्रत्यक्षात निघाली १९९४ मध्ये. हे कागद शेजारी ठेवले, तरच त्या सह्यांचं वजन कळतं. सुटा करार म्हणजे निव्वळ नावांची यादी.

पुणे कराराचं घ्या. २४ सप्टेंबर १९३२, येरवडा. बाबासाहेबांची सही आहे, मालवीयांची आहे, गांधीजींची नाही. ज्यांच्या उपोषणामुळं तो करार झाला, त्यांचीच सही नाही! सह्या मोजत बसणारा हे 'उणं' म्हणून नोंदवेल. मी म्हणतो, त्या कागदाबद्दल विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे.

नुसती सही हवी असेल, तर त्याचीही सोय गांधीजींनी केली होती. पाच रुपये द्या, सही घ्या, पैसे हरिजन फंडात. तो सरळ व्यवहार होता. वाईट वाटतं ते पत्रातून सही कात्रीनं कापून वहीत चिकटवतात त्याचं. तारीख गेली, कोणाला लिहिलं ते गेलं, विषय गेला. उरली अक्षरांची नक्षी.

कायद्याचंही ऐकून ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणं ऐतिहासिक मोलाचा दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांचा झाला, की तो पुरावशेष ठरतो. खासगी माणसाला तो देशाबाहेर पाठवता येत नाही. नागपूर कराराला २०२८ साली पंचाहत्तर वर्षं होतील.

तुमच्या घरच्या पेटीत एखाद्या पुढाऱ्याचं पत्र असेल, तर लॅमिनेशन करू नका. टाचणी गंजली असेल, तर हलक्या हातानं काढा, पण जोडलेले कागद वेगळे करू नका. पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्यात गाव आणि तारीख असते. पत्र कोणाला आलं, कशाबद्दल, घरात कोणाकडून कोणाकडं गेलं, हे वेगळ्या कागदावर लिहून सोबत ठेवा. आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून घ्या.