अण्वस्त्रें आणि कॅथोलिक नीतिविचार

युद्ध केव्हां धर्म्य व केव्हां अधर्म्य, हा प्रश्न आमच्या वाचकांस नवा नाहीं. सौप्तिक पर्वांतील प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे. अर्जुन व अश्वत्थामा या दोघांनींहि ब्रह्मशिर अस्त्र सोडलें. अर्जुनानें तें परत घेतलें, अश्वत्थाम्यास तें साधलें नाहीं, आणि तें उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडलें. ज्याचा युद्धाशीं कांहीं संबंध नाहीं त्याच्यावर पडणारें अस्त्र, ही जी आपत्ति व्यासांनीं वर्णिली, तिचाच विचार १९४५ पासून कॅथोलिक धर्मपीठास करावा लागला.

ऑगस्टाइन व थॉमस अ‍ॅक्वायनस यांच्यापासून चालत आलेल्या विचारानुसार युद्धास न्याय्य कारण हवें, हेतु शुद्ध हवा. आणि निःशस्त्र प्रजेस मुद्दाम मारणें सर्वथा निषिद्ध. सबंध शहर जाळणाऱ्या अस्त्रास ह्या चौकटींत जागा नाहीं. क्यूबाच्या संकटानंतर सहाच महिन्यांनीं, एप्रिल १९६३ मध्यें, पोप तेविसावे जॉन यांनीं 'पाचेम इन तेर्रिस' ह्या पत्रांत अण्वस्त्रबंदीची मागणी केली. आणि १९६५ मध्यें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें शहरांचा सरसकट संहार हा ईश्वर व मनुष्य या दोघांचाहि अपराध ठरविला.

येथवर भूमिका निःसंदिग्ध आहे. पण अस्त्र न वापरतां त्याचा नुसता धाक बाळगावा काय, ह्या प्रश्नापाशीं तिचें पाऊल अडखळलें. निःशस्त्रीकरणाच्या वाटेवरील एक पायरी म्हणून असा धाक तूर्त नीतीस मान्य होऊं शकेल, असें पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १९८२ मध्यें संयुक्त राष्ट्रांस कळविलें. ह्या 'तूर्त'ला मुदत नव्हती, हा आमच्या मतें मोठा दोष. जें करणें पाप, तें करण्याची सिद्धता ठेवणें निर्दोष कसें? पोप फ्रान्सिस यांनीं २०१७ मध्यें अण्वस्त्रें बाळगणेंहि निषेधार्ह ठरविलें व २०१९ मध्यें हिरोशिमा येथें त्याचा पुनरुच्चार केला. पस्तीस वर्षांनीं कां होईना, तर्क पुरा झाला.

तथापि ह्या शिकवणींतील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा भाग निराळाच आहे, आणि त्याचा उच्चार मुंबईंत झाला. डिसेंबर १९६४ मध्यें आंतरराष्ट्रीय युखरिस्त अधिवेशनासाठीं आलेले पोप सहावे पॉल यांनीं राष्ट्रांस विनविलें, कीं शस्त्रांवरील खर्चाचा कांहीं अंश तरी दरिद्री जनांसाठीं काढून ठेवावा. पुढील वर्षीं व्हॅटिकन परिषदेनेंहि शस्त्रस्पर्धा गरिबांस असह्य इजा करते असें म्हटलें. म्हणजे हें अस्त्र न फुटतांहि मारतें.

हें म्हणणें पारखण्यास दूर जावयास नको. मुंबईपासून सुमारें दीडशे किलोमीटरांवर जव्हार व मोखाडा हे डोंगरी तालुके आहेत. पूर्वीं ते ठाणें जिल्ह्यांत होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यांत आहेत. आजच्या ह्याच जिल्ह्यांत, तारापूर येथें, १९६९ मध्यें अणुशक्तीपासून वीज निघूं लागली. आणि जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें १९९२-९३ मध्यें आदिवासी बालकें कुपोषणानें दगावलीं. पोखरण येथें १९७४ व १९९८ मध्यें स्फोट झाले, त्यांच्या मधला हा काळ.

प्रतिपक्षी म्हणेल, हीं बालकें बाँबच्या खर्चानें मेलीं नाहींत. रोजगार, रस्ता व वैद्य वेळेवर न पोंचल्यानें मेलीं. शिवाय पोप मुंबईस येण्यापूर्वीं दोन महिनेहि झाले नव्हते तोंच चीननें आपला पहिला अणुस्फोट केला होता. शेजारी सशस्त्र असतां आपण काय करावें? दोन्ही आक्षेप वजनदार आहेत. शस्त्रांतून वजा केलेला रुपया आपोआप मोखाड्यास पोंचत नाहीं, हें पोपांच्या आवाहनांत पुरतें हिशेबीं धरलेलें नाहीं. आणि स्वसंरक्षणाचा हक्क तर परिषदेनेंहि मान्य केला आहे. पण येथें प्रश्न पैशापुरताच नाहीं, तो लक्षाचाहि आहे. राज्य ज्यास भितें त्याच्याकडे अहोरात्र पाहतें. नागलीची कणगी रिकामी झालेल्या पाड्यास कोणी भीत नाहीं. एवढें जरी ही शिकवण आम्हांस दाखवूं शकली, तरी ती अपुरी असेल, खोटी नाहीं.

उत्तरेच्या बालकास वांचविणारा कृष्ण त्या कथेंत होता. वावर-वांगणीस तो वेळेवर पोंचला नाहीं. आणि त्याची वाट पाहत बसणें हा आमच्या मतें कोणत्याच पंथाचा धर्म नव्हे.