राक्षसाची कैफियत

मेरी शेली हिच्या १८१८ सालीं निनांवी प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ कादंबरीविषयीं एक मत आतां रूढच झालें आहे: तो अनाम जीव जन्मतः दुष्ट नव्हता, जगाच्या अव्हेरानें तो राक्षस झाला. मताला आधार भक्कम आहे. निर्मात्यानें त्याला प्रथम दर्शनींच टाकिलें. ज्या द लेसी कुटुंबासाठीं तो रात्रीं सरपण आणून ठेवी, त्याच घरच्या फेलिक्सनें त्यास काठीनें बडविलें. पुढें बुडती मुलगी वांचविली, तर बंदुकीची गोळी मिळाली. अंध म्हातारा तेवढा माणुसकीनें बोलला. त्याला रूप दिसत नव्हतें!

परंतु ही हकीकत सांगतो कोण? स्वतः आरोपीच, आणि तीहि निर्मात्याकडून सहचरी मिळवावयाची म्हणून. शिवाय, आपल्या चोरीमुळें त्या गरिबांची उपासमार होते हें ध्यानीं येतांच जो कंदमुळांवर राहूं लागला, त्याला बरेंवाईट कळत नव्हतें असें कसें म्हणावें? विल्यमचा खून संतापाच्या भरांत झाला असें घटकाभर मानूं. पण त्या बालकाच्या गळ्यांतील तसबीर जस्टिनच्या वस्त्रांत नकळत लपवून तिला फांसावर पोंचविणें, हा संताप नव्हे. हें कारस्थान आहे. तिनें तर त्याला पाहिलेंहि नव्हतें. वर्गांत ही कादंबरी शिकवितांना विद्यार्थी त्या जीवासाठीं हळहळतात. जस्टिनचें नांव क्वचितच निघतें.

अखेरीस निर्मात्याच्या प्रेतापाशीं तो स्वतःचाच धिक्कार करितो. जगाविरुद्ध तक्रार तेथेंहि आहेच. पण आतां कोणापाशीं कांहीं मागावयाचें उरलेलें नाहीं, म्हणून ते बोल मला अधिक खरे वाटतात.