पोकळ्या असलेली अक्षरमाला

‘ए’ या इंग्रजी अक्षराचा संगणकातील क्रमांक ६५, असे आपण वर्गात सांगतो. हे विधान अपुरे आहे. ६५ हा आस्की या संकेतप्रणालीतला क्रमांक. आयबीएमच्या मेनफ्रेम संगणकांवर आजही वापरात असलेल्या एबसिडिक प्रणालीत ‘ए’ म्हणजे १९३. १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३६० या संगणकमालेपासून रूढ झालेल्या या प्रणालीवर टीका पुष्कळ झाली. ती कितपत रास्त आहे ते पाहू.

मुख्य आक्षेप असा, की येथे अक्षरे सलग नाहीत. ‘ए’ ते ‘आय’ १९३ ते २०१, ‘जे’ ते ‘आर’ २०९ ते २१७ आणि ‘एस’ ते ‘झेड’ २२६ ते २३३. ‘ए’ ते ‘झेड’मधला कोणताही क्रमांक म्हणजे अक्षर, असे धरणाऱ्या आज्ञावलीत २६ ऐवजी ४१ क्रमांक शिरतात.

आक्षेप खरा आहे; पण या पोकळ्या कोणाची लहर नव्हे. पंचकार्डावर प्रत्येक अक्षराला दोन छिद्रे असत, एक गटाचे व एक अंकाचे. तेच तीन गट संकेतांत उतरले. त्या काळी माहिती कार्डांवरूनच येत असे, हे विसरून चालणार नाही.

आमच्या मते खरा दोष वेगळाच आहे. आस्कीत अंक अक्षरांच्या आधी येतात, एबसिडिकमध्ये नंतर. त्यामुळे एकीकडची क्रमवार यादी दुसरीकडे क्रमवार राहत नाही. दहा लाख नावे लावताना सुमारे दोन कोटी तुलना होतात. प्रत्येक तुलनेच्या वेळी दोन्ही नावांचे संकेतांतर केले, तर ते चार कोटी वेळा होईल. आधीच एकदा करून ठेवले, तर दहा लाख वेळाच. मेनफ्रेमचा वेग अशा साध्या विचारानेही वाढतो.

या दोषावर हसण्याआधी आपल्या घरातही पाहावे. युनिकोडमध्ये ‘ळ’ लगेच ‘ल’नंतर, ‘व’च्या आधी आहे, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. निव्वळ क्रमांकांवरून हजेरीपट लावला, तर ‘काळे’ हे नाव ‘कावळे’च्या आधी बसेल. संगणकाला वर्णमाला ठाऊक नसते, त्याला फक्त क्रमांक कळतात. म्हणून ६५ शिकवताना तो कोणाच्या संकेताने ६५, हेही विद्यार्थ्यांना सांगायला हवे.