बोलावणे आणि सोबत

मराठी ख्रिस्ती साहित्यावर ‘प्रचारकी’ असा शिक्का मारून पुढे जाण्याची आपल्या समीक्षेची सवय मला घाईची वाटते. आपल्या श्रद्धेच्या वाटेवर बोलावताना लेखक वाचकाला कोठे उभे करतो, हा वाङ्मयीन प्रश्नच आहे.

बाबा पद्मनजींच्या ‘अरुणोदय’ (१८८८) या आत्मचरित्रात वाचक बहुधा वादाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला असतो. जुन्या आचारांवरच्या शंका, त्यांची छाननी आणि अखेर १८५४चा बाप्तिस्मा. सगळे प्रामाणिक, पण दमवणारे.

लक्ष्मीबाई टिळकांचे तसे नाही. ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंना आणखी काही वर्षे लागली. त्या काळातला संताप, रडणे, सोवळ्याओवळ्याचा हट्ट ‘स्मृतिचित्रे’त झाकलेला नाही, उलट त्या स्वतःलाच हसतात. (हे हसू धर्मांतराच्या कथनांत दुर्मीळ!) शिवाय त्यांच्या मनातून जातिभेद गळतो तो आधी, बाप्तिस्मा मागून, आणि गळतो तोही कोणाच्या हातचे खावे-प्यावे या रोजच्या प्रश्नावर, धर्मग्रंथांच्या तुलनेत नव्हे. त्यांचा नकारही पुस्तकात शाबूत असल्यामुळे नकार देणारा वाचकसुद्धा त्यांच्याबरोबर चालू शकतो.

खुद्द टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा ठेवली. दोनच वर्षांत ते वारले. त्या दरबाराचे मोकळेपण मला त्यांच्या पत्नीच्या गद्यात अधिक भरवशाने भेटते.