डान्सहॉलची चित्रकला : किंग्स्टनच्या भिंती आणि मुखपृष्ठे

1970च्या दशकाच्या अखेरीस जमैकात रेगेतून पुढे आलेल्या डान्सहॉल संगीताचा अभ्यास बहुधा ताल आणि शब्दांच्या अंगानेच झाला असून, त्याच्यासोबत वाढलेली मुद्रणकला व फलककला दीर्घकाळ किरकोळ मानली गेली. वस्तुतः या संगीताचा रांगडा, गर्दीप्रिय स्वभाव सर्वांत अचूक पकडला तो चित्रकारांनीच.

नेव्हिल गॅरिक यांनी रेगे गायक बॉब मार्लेसाठी केलेली ध्वनिमुद्रिकांची मुखपृष्ठे, उदाहरणार्थ आफ्रिकी राष्ट्रांचे ध्वज मांडणारे 1979चे ‘सर्व्हायव्हल’, जगाला उद्देशून काढलेली होती. डान्सहॉलचे चित्रकार विल्फ्रेड लिमोनियस (1949–1999) यांची दृष्टी मात्र आपल्या वस्तीवर खिळलेली होती. वृत्तपत्रातील चित्रमालिका आणि प्रौढ साक्षरता प्रसाराच्या पुस्तिका यांतून त्यांचा हात तयार झाला असल्याने, अल्पशिक्षित वाचकालाही एका दृष्टिक्षेपात कळेल असे चित्र काढण्याची कला त्यांना पूर्ण अवगत होती. ‘स्लेंग टेंग’ या संगणकीय रिडिमवर, म्हणजे अनेक गायकांनी वापरलेल्या एकाच वाद्यपायावर, आधारलेल्या 1985च्या गीतसंग्रहाचे मुखपृष्ठ त्यांचेच आहे. फुगवलेले अवयव, नाचणाऱ्यांची दाटी आणि कोपऱ्याकोपऱ्यांत पॅट्वा या जमैकन बोलीत लिहिलेले शेरे यांमुळे त्यांचे चित्र पाहण्याइतकेच वाचण्याचेही होते. स्त्रीदेहाचे त्यांनी केलेले चित्रण पुष्कळदा ठोकळेबाज आहे, हा आक्षेप मान्य करूनही त्यांच्या रेषेची चैतन्यशीलता नाकारता येत नाही. लंडनमधील ग्रीनस्लीव्ह्ज कंपनीसाठी टोनी मॅकडरमॉट यांनी 1981च्या सुमारास सायंटिस्ट या ध्वनिमिश्रकाच्या ध्वनिमुद्रिकांवर रक्तपिपासू भुते आणि अंतराळयाने रंगवली. ते काम तंत्रदृष्ट्या सफाईदार असले, तरी त्यात किंग्स्टनच्या रस्त्याचा वास कमी आहे.

तो वास खरा टिकला नृत्यसभांच्या फलकांत. ठिकाण, वार आणि साउंड सिस्टिमचे, म्हणजे प्रचंड ध्वनिवर्धक घेऊन फिरणाऱ्या संगीतमंडळाचे, नाव भडक रंगांत हाताने लिहून हे फलक खांबांवर व झाडांवर ठोकले जात, आणि कार्यक्रम झाला की त्यांचे काम संपे. चित्रपटनिर्मात्या मॅक्सीन वॉल्टर्स यांनी ते जमवले नसते, तर 2016 साली त्यांच्या संग्रहावर निघालेले पुस्तक शक्यच नव्हते.

संगणकीय मांडणी आल्यावर कलावंतांची छायाचित्रे आणि प्रायोजकांची बोधचिन्हे यांनी जाहिरातपत्रके भरली, अक्षरे एकसारखी झाली आणि रंगाऱ्याचा हात दिसेनासा झाला. एबनी पॅटर्सन (जन्म 1981) यांनी ‘गँगस्टाज फॉर लाइफ’ या मालिकेत त्वचा उजळवण्याची प्रथा आणि पुरुषी नटवेपणा यांना चित्रदालनात आणून डान्सहॉलच्या दृश्यविश्वाचा गंभीर विचार केला, हे मोठेच काम आहे; परंतु दालनातील कलाकृती फलक रंगवणाऱ्यांच्या अनुपस्थितीची भरपाई करू शकत नाही. उरलेल्या फलकांना आणि मुखपृष्ठांच्या मूळ चित्रांना, ती करणाऱ्यांच्या नावांसह, जमैकाच्या सार्वजनिक संग्रहालयात कायमची जागा मिळालीच पाहिजे.