भिल्ल पलटणीचा इतिहास व भिल्लांचा इतिहास

भोकरदन-जाफराबादच्या उत्तरेस असलेला अजिंठ्याचा डोंगर आमच्या जालना जिल्ह्यातील वाचकांच्या परिचयाचा आहे. एकोणिसाव्या शतकात तीच सरहद्द होती: अलीकडे निजामाची मोगलाई, पलीकडे १८१८ पासून इंग्रजांचे खानदेश, आणि मध्ये दोहोंसही न जुमानणारे भिल्ल. सिमकॉक्स या मुलकी अधिकाऱ्याने सरकारी दप्तरांवरून रचून १९१२ साली प्रसिद्ध केलेला खानदेश भिल्ल पलटणीचा इंग्रजी वृत्तांत वाचताना या डोंगराची आठवण होते.

प्रथम ग्रंथविषयाचे श्रेय मान्य केले पाहिजे. नुसत्या फौजांनी डोंगर शांत होईना, तेव्हा एल्फिन्स्टनच्या अमदानीत १८२५ साली धोरण पालटले. बावीस वर्षांचा औट्रम भिल्लांत मिसळला, त्यांच्यासह शिकार खेळला व त्यांचीच पलटण उभारली. इतरांस जमिनी व तगाई मिळाली. त्याच सुमारास अमेरिकेत १८३० च्या कायद्याचा आधार घेऊन चेरोकी लोकांस मायभूमीतून हुसकून लावण्यात आले. १८३८-३९ च्या त्या प्रवासात सुमारे सोळा हजारांपैकी चार हजार मेले असे मानतात. त्या मानाने खानदेशची रीत सौम्य, हे निर्विवाद.

तथापि चाकरीने अभय मिळते काय? १८१४ च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत चेरोकी जॅक्सनच्या बाजूने लढले, आणि पुढे अध्यक्ष होऊन त्याच जॅक्सनने त्या कायद्यावर सही केली. इकडे सेंधव्याचा घाट सरकारसाठी राखणारा खाज्या नाईक १८५८ साली आंबापाणीस सरकारी फौजेशीच लढला. पोलिसांत नोकरी केलेला भागोजी नाईक १८५९ साली सिन्नर तालुक्यात पडला. विश्वासातली माणसे का उलटली, याचे उत्तर दप्तर देत नाही. तेथे भिल्ल भेटतो तो शिपाई म्हणून, नाही तर गुन्हेगार म्हणून.

चेरोकींजवळ सीक्वोयाने रचलेली लिपी होती व १८२८ पासून स्वतःचे वृत्तपत्र होते; म्हणून त्यांचे गाऱ्हाणे त्यांच्याच शब्दांत उरले. आमच्या डोंगरातील माणसाची बाजू लिहिणारा कोणी नव्हता, आणि आम्हां मराठी शिकलेल्यांनीही 'भिल्लांचे बंड' हा सरकारी शब्दच उचलला. सिमकॉक्सचा ग्रंथ अवश्य वाचावा. परंतु तो पलटणीचा इतिहास आहे, भिल्लांचा नव्हे. तो दुसरा ग्रंथ डोंगराच्या पायथ्याशी, वृद्धांच्या तोंडून ऐकूनच लिहावा लागेल. आणि त्यास फार उशीर लावून चालणार नाही.