तीन ओळींची स्क्रिप्ट आणि उणे दोन फूट

‘आर’मध्ये लिनिअर रिग्रेशन कसं करायचं असं कुणालाही विचारा, उत्तरात ‘कार्स’ नावाचा डेटा बहुतेक वेळा येतोच. कार्यशाळा असो, कोर्सवर्कच्या नोट्स असोत की एखादा व्हिडिओ. ५० नोंदी आणि दोन रकाने: गाडीचा वेग ताशी मैलांत, गाडी थांबायला लागलेलं अंतर फुटांत. मोजमापं १९२०च्या दशकातली. स्क्रिप्टही सुटसुटीत. डेटा उघडा, ‘एलएम’ला अंतर आणि वेग यांच्यामध्ये टिल्डे टाकून द्या, मग ‘समरी’ मागवा. (टिल्डे म्हणजे कीबोर्डवर १च्या डावीकडची ती वळवळती खूण. माझा पहिला अर्धा तास तिच्या शोधात गेला होता.)

पडद्यावर उत्तर येतं. उतार ३.९३, पी-व्हॅल्यू इतकी लहान की दशांशचिन्हानंतरची शून्यं मोजत बसावं लागतं, शेजारी तीन चांदण्या, आर-स्क्वेअर्ड ०.६५. ‘मॉडेल सिग्निफिकंट आहे’ असं सांगून सर चहाला जातात आणि आपण वहीत तसंच लिहून घेतो.

माझी तक्रार नेमकी इथे आहे. उदाहरण वाईट नाही, उलट फार चांगलं आहे. पण ते जिथे शिकवायला लागतं, तिथेच आपण थांबतो.

त्याच उत्तरात इंटरसेप्ट आहे उणे १७.५८. म्हणजे उभी गाडी थांबायला उणे साडेसतरा फूट घेते! यावर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘शून्य वेग डेटाच्या बाहेर आहे, तिकडे बघायचं नाही.’ ठीक. मग डेटाच्या आतलंच बघू. सगळ्यात कमी वेग ताशी ४ मैल. ३.९३ गुणिले ४, वजा १७.५८. उत्तर जवळजवळ उणे दोन फूट. प्रत्यक्षात त्या वेगाच्या दोन नोंदी आहेत, २ फूट आणि १० फूट. तीन चांदण्यांचं मॉडेल त्याच्याच डेटातल्या गाडीला मागे ढकलतंय.

असं का होतं, हे बारावीच्या फिजिक्समध्ये आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वर्गाच्या हिशोबाने वाढतं. चालकाचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर मात्र सरळ वेगाच्या प्रमाणात. दोन्ही मिळून वक्र तयार होतो आणि आपण त्यावर पट्टी ठेवतो. पी-व्हॅल्यू इथे फक्त एवढंच सांगते की, उतार शून्य आहे असं धरलं तर हा डेटा फारच विचित्र ठरेल. नातं सरळ रेषेचं आहे का, हा प्रश्न तिला कुणी विचारलेलाच नसतो.

गंमत म्हणजे ‘समरी’ स्वतः इशारा देते, अगदी वरच्या भागात. तिथे रेसिड्युअल्सचे पाच आकडे असतात: किमान उणे २९, कमाल ४३, मध्यक उणे २.३. एका बाजूला शेपूट लांब आहे, हे चित्र न काढताही कळतं. पण आपली नजर चांदण्यांकडे धावते. पुढे ‘प्लॉट’ला मॉडेल दिलं की पहिल्याच आलेखात वाकलेली रेषा आणि वेगाबरोबर पंख्यासारखे पसरणारे ठिपके दिसतात. ही एक ओळ स्क्रिप्टमध्ये का नसते? ‘आर’च्या बाजूने सांगायचं तर, ‘कार्स’च्या मदतपानावर दोन्ही चलांचे लॉग घेतलेलं मॉडेल आणि बहुपदीचं मॉडेल, दोन्ही दिलेली आहेत. लॉगवाल्यात उतार सुमारे १.६ येतो, म्हणजे १ आणि २ यांच्या मधे, फिजिक्सने सांगितला तसाच. पण पानावर तेवढं खाली जायला कुणाला वेळ आहे!

एवढा चिडून लिहितोय कारण मी स्वतः यात अडकलो. पीएचडीच्या पहिल्या वर्षी पाण्याच्या नमुन्यांतलं फॉस्फेट मोजत होतो. स्पेक्ट्रोफोटोमीटरचा कॅलिब्रेशन आलेख, तीच तीन ओळींची स्क्रिप्ट, आर-स्क्वेअर्ड ०.९९. गाइडना दाखवलं, तेही खूश. जास्त संहतीला ॲब्सॉर्बन्स किंचित दबलेला होता, त्यामुळे रेषा वरच्या टोकाला कलली आणि इंटरसेप्ट शून्याच्या वर गेला. सगळ्यात स्वच्छ विहिरींच्या नमुन्यांत मला उणे फॉस्फेट मिळालं. ते मी ‘डिटेक्शन लिमिटच्या खाली’ म्हणून तक्त्यात टाकून दिलं, तेही तीन महिने. एका सेमिनारमध्ये मागच्या बाकावरच्या ज्युनिअरने विचारलं, ‘दादा, रेसिड्युअल्सचा आलेख आहे का?’ नव्हता.

नंतर वरचे दोन स्टँडर्ड वगळले, रेषा फक्त सरळ भागात बसवली, आणि त्या टोकापलीकडे जाणारे नमुने पातळ करून पुन्हा मोजले. स्वच्छ म्हणून बाजूला काढलेल्या विहिरींपैकी काही तितक्या स्वच्छ नव्हत्या.